पत्र्यावरचा भोपळा

आपण लावलेलं झाड उगवलं की बरं वाटतं, पण न लावलेलं उगवलं की मला जास्त मजा येते. हे मी घरात फार बोलून दाखवत नाही, कारण त्यावरून आमच्यात जुना वाद आहे. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपून इतकी वर्षं झाली तरी नजर तीच. परसात काही आपोआप उगवलेलं दिसलं की खुर्चीतूनच म्हणतात, "बिनतिकिटाचं चढलंय. उतरव त्याला."

आता त्यांचं सगळंच चूक असतं असं नाही. गाजरगवत दिसलं तर मीसुद्धा चहाचा कप बाजूला ठेवून आधी ते उपटते. पण तांदुळजा आला तर त्याच्या बुडाशी माती सारखी करते. फरशीच्या फटीतनं चिवळ येते, ती चांगली भाजीपुरती पसरेपर्यंत तिच्यावरून बादली ओढत नाही. तुळशीची रोपं तर मोरीच्या तोंडाशीच उगवायची हौस धरतात. ती उचलून डब्यात लावायची आणि गल्लीत वाटायची. म्हणजे कोण आलंय ते कळलं की पुढचं सोपं असतं. घोळ होतो तो कोण आलंय हेच कळत नाही तेव्हा.

गेल्या साली गौरी उठल्यावर तसंच झालं. घेवड्याच्या बुडाशी दोन जाड, गुळगुळीत पानं वर आली.

आमचं घर धाराशिवात. परस म्हणजे काय, मोरीच्या मागचा एक पट्टा, आणि त्याच्या कडेला शेजारच्या आपांची भिंत. भिंतीपलीकडं आपांचं शेळ्यांचं पत्र्याचं शेड. आपा माझ्याच वयाच्या. मी त्यांना आपा म्हणते, त्या मला आक्का म्हणतात, आणि आमची निम्मी बोलणी त्या भिंतीवरूनच होतात. भिंतीला धरून मी दरसाल तुराट्यांचा मांडव करते आणि त्यावर घेवडा चढवते.

हा घेवडा नुसता भाजीचा नाही. वर्षातली माझी एक अब्रू त्याच्यावर टांगलेली असते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात येळवस असते. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. तेरजवळ आमचं रान आहे, ते माझे मोठे दीर आणि जाऊबाई बघतात. कडब्याची झोपडी, म्हणजे कोप, नव्यानं शाकारायची, आत पाच पांडव मांडायचे, चुन्यानं पांढरे केलेले साधे दगडच ते. त्यांना नैवेद्य दाखवायचा, आणि मग बांधावरनं जो जाईल त्याला हाका मारून जेवायला बसवायचं. अंबील आणि बाजरीचे उंडे जाऊबाईंकडं. भज्जी माझ्याकडं. भज्जी म्हणजे तेलातली भजी नव्हेत. रानातले आणि परसातले जेवढे ओले दाणे, जेवढ्या भाज्या असतील तेवढ्या एकत्र शिजवून बेसन लावलेलं दाट कालवण असतं ते. त्यात घेवडा लागतो, आणि तो माझ्या मांडवावरचाच लागतो. बी जाऊबाईंनीच दिलेलं, मी धाराशिवात बिऱ्हाड केलं तेव्हा. आता दरसाल बी मी धरते आणि पुढच्या पेरणीपर्यंत रानात सांभाळतात त्या. दरसाल त्या पहिला घास घेतात, जरा थांबतात आणि मान हलवतात. त्या मान हलवण्यावर माझं पुढचं वर्ष निघतं.

तर त्या घेवड्याच्या बुडाशी हे दोन पानांचं उगवलं.

वेल आहे एवढं पहिल्याच दिवशी कळलं. पण कसला? काकडी असेल, दोडका असेल, डांगर असेल, दुध्या असेल. लहानपणी ही सगळी भावंडं एकसारखीच दिसतात. मी म्हटलं तिसरं पान येऊ दे. तिसरं आलं, ते मऊ, लवदार, हाताला मखमलीसारखं. काकडी गेली, दोडका गेला. डांगराच्या पानावर पांढरे ठिपके असतात, ते यावर नव्हते. म्हणजे दुध्या. मला फार आनंद झाला. मग रात्रीचं जेवण होताना आमचे हे म्हणाले, "दुध्याच कशावरनं? कडू भोपळा असला तर?"

आणि तिथंच माझा आनंद अडकला. कारण गोडाचा वेल आणि कडूचा वेल यांच्यात फळ चाखेपर्यंत फरक म्हणून दिसत नाही. पान तेच, फूल तेच. आणि कडू भोपळा नुसता तोंडाला कडू असतो असं नाही, पोटात गेला की माणूस आडवा होतो.

त्यांचं म्हणणं सरळ होतं, लहान आहे तोवर उपटून टाक. मी खुरपं घेऊन गेलेही. पण भिंतीवरनं आपांनी बघितलं आणि विचारलं की काय उपटताय. मी सांगितलं.

"कद्दूचा वेल उपटू नका, आक्का," त्या म्हणाल्या. "आमच्यात त्याला लई मान हाय. पैगंबर साहेबांना कद्दू आवडायचा. आन गोड निघाला तर मी दालचा करते, तुम्हाला वाटी देते."

आपांचा दालचा ज्यानं खाल्लाय त्याला मी खुरपं का खाली ठेवलं ते सांगायला नको. चण्याच्या डाळीत भोपळ्याच्या फोडी, वर चिंचेचा आंबटपणा. माझ्यासाठी त्या वेगळ्या पातेल्यात बिनमटणाचा करतात. पण खरं कारण दालचा नव्हतं. खरं कारण असं की मला बघायचं होतं. जे आपल्या दारात कुणी न बोलावता येतं ते काय निघतं, हे न बघता कसं घालवायचं?

मग मी परीक्षा सुरू केल्या. आठवडी बाजारात भाजीवाल्या बाईला विचारलं. ती म्हणाली पान चावून बघा, कडूचं पान कडू लागतं. घरी येऊन पान चावलं, कडसर लागलं. पुढच्या बाजारी तिला सांगितलं तर म्हणाली, गोडाचं पण जरा कडसरच लागतं म्हणा. म्हणजे आधी तिनं मला पान चावायला लावलं ते कशासाठी? मग मी आपांच्या शेळीपुढं चार पानं टाकली. शेळीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मी आपांना म्हटलं, बघा, शेळीला कळलं. आपा म्हणाल्या, "तिचं नका सांगू. ती लाडावली हाय. पाव दिला तर खाती, पाला दिला तर माझ्याकडं बघती."

नवरात्रात वेल मांडवावर चढला. दसऱ्यानंतर फुलं आली. भोपळ्याचं फूल मी आधी कधी निवांत बघितलं नव्हतं. दिवसभर त्याच्या मिटलेल्या सुरळ्या असतात, आणि आपण दिवा लावायला उठतो तेव्हा ते उघडतं. पांढरं, पातळ, कागदासारखं. सकाळी बघावं तर गळालेलं. काही फुलं नुसती लांब दांड्यावर, ती वांझ. काहींच्या मागं बोटाच्या पेराएवढा भोपळा आधीच तयार, लव असलेला, मान खाली घालून. मी चष्मा लावून ते बघत बसायची आणि आतून आवाज यायचा, "वरण लागलं गं खाली."

एवढं सगळं छान चाललं होतं, पण मांडवाखाली घेवडा गुदमरत होता. भोपळ्याची पानं सुपाएवढी. घेवड्याला ऊन मिळेना. दिवाळीपर्यंत त्याच्यावर तुरे यायला पाहिजे होते, ते नव्हते. आता पेच पडला. वेल ठेवला तर घेवडा जातो आणि भज्जीत काय घालायचं? वेल काढला आणि तो गोड होता असं निघालं तर? मग ना घेवडा धड ना भोपळा. मी मधला मार्ग काढला. भोपळ्याची काही पानं कापली आणि त्याचे शेंडे भिंतीवरनं पलीकडं, आपांच्या पत्र्यावर वळवले. आमचे हे म्हणाले, आता आपला प्रवासी दुसऱ्याच्या गाडीत बसवलास.

येळवस जवळ आली तेव्हा आमच्या बाजूला एक भोपळा लोंबत होता आणि आपांच्या पत्र्यावर तीन बसले होते. घेवड्याला नुकते कुठं तुरे फुटत होते. शेंगा येळवसेला मिळणार नाहीत हे उघड होतं. मी मनाशी ठरवलं, घेवडा नाही तर नाही, यंदा भज्जीत परसातला भोपळा घालू. परसातलं काहीतरी गेलं म्हणजे झालं.

पण मग माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. भज्जी नैवेद्याची. ती देवापुढं जायच्या आधी आमच्यात कुणी चाखत नाही. मीठसुद्धा अंदाजानं घालायचं. आणि वेलाचं पहिलं फळ, तेही देवाचं. ते आधी आपण चाखायचं नाही. म्हणजे हा भोपळा मला कापताना चाखता येत नव्हता, भज्जी झाल्यावरही चाखता येत नव्हती. कडू निघाला तर कळणार कधी? पांडवांपुढं पान वाढून झाल्यावर, आणि बांधावरनं बोलावलेली माणसं पहिला घास घेतील तेव्हा. बरं, रानात आलेला माणूस पाहुणा असतो, कडू लागलं तरी मुकाट्यानं खाईल. तीच तर भीती.

मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले भोपळा घालूच नको, विषय संपला. पण मला विषय संपवायचा नव्हता. इतके दिवस वाढवलेला वेल, आणि तो कोण आहे हे न कळताच सोडून द्यायचा?

आपांना सांगितलं तेव्हा त्या शेळ्यांना पाणी पाजत होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वेल कुणाचा?"

"माझा."

"आन ह्या पत्र्यावरचं कद्दू?"

मी म्हटलं वेल माझा म्हणजे तेही माझंच की.

"न्हाय. माझ्या पत्र्यावर आलं ते माझं. तुमच्या देवाला तुमच्या बाजूचं द्या. माझं मी चाखते. माझ्या चाखण्यानं तुमचं कसं उष्टं हुईल?"

यात चूक काढायला जागाच नव्हती. आतून आमचे हे म्हणाले, बाई वकील व्हायला पाहिजे होती.

आपांनी काठीनं पत्र्यावरचा कोवळा भोपळा ओढून घेतला, बाकीचे दोन वरतीच लांब राहिले. ओट्यावर बसून त्यांनी त्याचा चकता कापला. आत पांढरा, रसदार, दिसायला इतका गोजिरा की मला वाटलं, झालं, गोडच. मी सांगितलं गिळू नका, नुसती जीभ लावा. त्यांनी जीभ लावली. तोंड काही वेडंवाकडं केलं नाही. जरा वेळ शेळीकडं बघत राहिल्या. मग उठल्या, नळाशी गेल्या आणि चुळा भरायला लागल्या. एक भरली, दुसरी भरली, मला वाटलं आता पाण्याची टाकी संपते. मी भिंतीपलीकडं ताटकळत. पदरानं तोंड पुसत त्या आल्या आणि म्हणाल्या, "आक्का, तुमचे पांडव वाचले."

मला हसू आवरेना, त्यांनाही. मी त्यांना गूळ दिला, त्या म्हणाल्या गूळ पण कडू लागतोय. दुपारपर्यंत त्यांच्या जिभेवरून ती चव गेली नाही.

त्याच दिवशी मी वेल बुडातून कापला. आमच्या बाजूचा भोपळा उकिरड्यावर गेला. कळल्यावर काय करायचं ते सोपं असतं असं मी वर म्हटलंय खरं, पण कापताना तेवढं सोपं वाटलं नाही. देठातून पाणी टपटपत होतं. घेवड्यावर ऊन पडलं, तेवढं मात्र बरं दिसलं.

येळवसेला बाजारचा घेवडा आणला. पहाटे भज्जी केली, पातेल्याला फडकं बांधलं आणि आम्ही दोघं तेरची गाडी धरून रानात पोचलो. नैवेद्य झाला. बांधावरनं कुणीकुणी येऊन बसले. जाऊबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, पण मान काही हलली नाही.

"घेवडा इकत आणला?"

"व्हय."

"मांडव पडला का काय?"

मग मी सगळी गोष्ट सांगितली. आपांनी चुळा भरल्या तिथं पंगतीतली माणसं हसली, पण जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाकरी ताटात ठेवली आणि मला विचारायला लागल्या, भोपळ्याची मान कशी होती, बारीक का जाड, बूड गोल होतं का. मी म्हटलं मान बारीक, बूड गोल. त्या उठून कोपीत गेल्या आणि मेढीच्या खांबाला टांगलेलं एक काळं, धुरकटलेलं भांडं घेऊन आल्या. ते मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते. तोंडाला चिंधीचा बोळा असायचा. मी ते मातीचं गाडगं समजत होते.

"गाडगं न्हाय गं," जाऊबाई म्हणाल्या. "भोपळा हाय. मामंजींच्या येलाचा. कडू असतो म्हणून त्यात किडा जात न्हाय. तुज्या घेवड्याचं बी ह्यातच असतं वरीसभर, राखंत."

मी ते हातात घेतलं. फुलासारखं हलकं. बुडाशी मोठा तडा गेला होता, त्यावर त्यांनी डांबर लावलं होतं. त्यांनी सांगितलं की मागच्या साली नवा करायला घेतला होता, कोपीच्या मागं बसून वाळका भोपळा कोरला, बी तिथंच खरवडून टाकलं. पण तो कोरताना फुटला. आणि बांधावरचा मूळ वेल यंदाच्या पावसात सडून गेला.

कोपीच्या मागं म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी हललं. नवरात्रात घट बसवायला माती रानातलीच पाहिजे असा माझा हट्ट असतो. जाऊबाई दरसाल पिशवी भरून पाठवतात. त्या मातीत धान्य पेरून वर घट ठेवायचा, आणि दसरा झाला की ती माती कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून मी घेवड्याच्या बुडाशी ओतते.

"बाई," मी विचारलं, "मागच्या साली घटाची माती कुठनं दिली होती तुम्ही?"

"कोपीमागनंच की. तिथली मऊ असती."

म्हणजे बिनतिकिटाचं कुणी चढलंच नव्हतं. आमच्याच रानातनं, आमच्याच घटाच्या मातीतनं, माझ्याच हातानं मी त्याला घेवड्याच्या शेजारी बसवलं होतं. वर्षभर ते मातीत गप्प पडून होतं आणि गौरीनंतरच्या ओलीत त्याला जाग आली. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. ते अंबील पीत होते, त्यांनी वाटी तोंडावरनं खाली घेतली नाही.

जाऊबाईंचं चित्त मात्र दुसरीकडंच. "एखादं तरी ठिवलंस का?" त्यांनी विचारलं. "हे आता औंदा टिकत न्हाय. घेवड्याचं बी ठिवायचं कशात? डब्यात ठिवलं तर भुंगा लागतो. एकदा गेलं की मग तुजी भज्जी कायमची बाजारची."

मला आठवलं ते पत्र्यावरचे राहिलेले दोन. परतीच्या गाडीत माझ्या मनात तेवढंच होतं. आपांनी काढून टाकले असतील का? शेळ्यांनी लोळवले असतील का?

घरी पोचल्यावर मी पातेलंही खाली ठेवलं नाही, आधी भिंतीपाशी गेले. वेल सुकून दोरीसारखा झाला होता. एक भोपळा पिचकून बसला होता. दुसरा, मागच्या बाजूचा, जून झालेला, तो तसाच टणक. मी आपांना हाक मारली आणि रानातली सगळी हकिकत सांगितली. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"म्हंजे ज्यानं घेवडा दाबला, त्याच्यातच घेवडा ठेवायचा?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं हो, आणि तो भोपळा मला द्या.

"असा कसा देऊ? माझ्या पत्र्यावर आलं ते माझं." त्या अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. "घेवडा येईल तेव्हा आधी माझ्याकडं द्यायचा. मग कद्दू न्या."

ठरलं. माघात घेवडा भरभरून आला. उन्हाची कसर त्यानं उशिरा का होईना भरून काढली. पहिल्या शेंगा आपांकडं गेल्या, बाकीच्या मी बियाण्याला राखल्या. भोपळा अजून त्यांच्या पत्र्यावरच आहे. ऊन तिथलं चांगलं, आणि खाली आणला तर शेळी त्यावर पाय देते. वरची साल पिवळी पडून करडी झाली आहे. पूर्ण वाळला की आतलं बी वाजतं, म्हणजे कोरायला झाला, असं जाऊबाईंनी सांगितलंय. बी वाजलं की त्यातलं थोडं त्यांना बांधावर लावायला द्यायचं. मी माझ्या परसात लावायचं का, ते काही मला ठरवता येत नाही. बोलावून आणायचं म्हटलं की तो पाहुणा वेगळाच वाटायला लागतो.

रोज सकाळी मी स्टुलावर चढते आणि हात लांब करून त्याला हलवते. खाली खुर्चीत आमचे हे पेपर वाचत असतात, डोकं वर करत नाहीत. पण मी स्टुलावरनं उतरायच्या आत विचारतात, "वाजलं का?"